भिंतीवरची सुई

"उलट बाजू दाखव."

बाई माझ्याशी बोलल्या त्यातली ही पहिलीवहिली गोष्ट. पौडच्या अलीकडे, भातखाचरांच्या मधोमध आमचं अध्यापक विद्यालय होतं. तिथं संगणकाचा शिक्षक म्हणून रुजू व्हायला मी आलो, तर व्हरांड्यात एक बुटक्याशा बाई समोरून आल्या. गळ्यात मोजपट्टी, नाकाच्या टोकावर चष्मा. नमस्कार-चमत्कार काही न करता त्यांनी माझ्या शर्टाची बाही दोन बोटांत धरून चुरगाळली.

"पॉलिएस्टर. घाम येतो ना?"

मी हो म्हणालो. मग ते वाक्य. मी काही करायच्या आत त्यांनीच बाहीची कड उलटून आतली शिलाई तपासली. "दुकानदारानं गंडवलंय तुला. रंग मात्र छान आहे," म्हणाल्या आणि वर्गावर निघून गेल्या.

त्या शिवणकाम आणि वस्त्रशास्त्र शिकवायच्या. प्राथमिक शाळेत शिक्षक होऊ घातलेल्या मुलामुलींना कार्यानुभव नावाचा विषय असतो. त्यात त्यांनी टाके, शिलाई, काजं-बटणं आणि कापडाची ओळख शिकायची आणि पुढे शाळेतल्या पोरांना शिकवायची. सगळे त्यांना बाई म्हणत. मॅडम म्हटलेलं त्यांना खपायचं नाही. "मॅडम दुकानाच्या काचेमागे साडी नेसून उभ्या असतात. मला बाई म्हणा."

बाही चुरगाळण्याचा मान फक्त मलाच मिळाला होता असं नाही. एकदा संस्थेचे अध्यक्ष भाषणाला उभे राहत होते, तेवढ्यात बाईंनी मागून त्यांच्या जाकिटाचा काठ उलटला आणि शेजारच्या प्राचार्यांना हळूच म्हणाल्या, "अस्तर लावलेलंच नाहीये." माइक चालू होता. अध्यक्षांच्या भाषणातलं काहीच कुणाला आठवत नाही, अस्तर मात्र अजून सगळ्यांना आठवतं.

मी मूळचा नांदेडकडचा. माझे मित्र हिंजवडीच्या कंपन्यांत चिकटायचं म्हणून जांब्याला खोली घेऊन राहत होते. मीही त्यांच्यातच राहायचो. सकाळी ते एकीकडे जायचे आणि मी मागून आणलेल्या मोटरसायकलवर दुसरीकडे. कंपनीतून बोलावणं येईपर्यंत इथं थोडे दिवस काढू, असा माझा हिशेब होता. तेव्हा मी कॉलेजात कुणाशी फारसा मिसळत नव्हतो. पण बाईंशी न मिसळणं हे आपल्या हातात नसायचं.

पहिल्याच आठवड्यात त्या संगणक कक्षात आल्या आणि मॉनिटरची मापं घ्यायला लागल्या. फ्रॉक शिवायला आणलेल्या मुलीची घेतात तशी. "ह्याला पाठ फार आहे," म्हणाल्या. तेव्हाचे ते पेटाऱ्यासारखे मॉनिटर. पुढच्या सोमवारी प्रत्येक मॉनिटरला उरल्यासुरल्या कापडाचं एकेक झबलं चढलं होतं, फुलाफुलांचं, चौकड्यांचं, एकाला चक्क जरीचा काठ. मग त्यांनी मला संगणकाचा डबा उघडायला लावला. आतल्या वायरींकडे बराच वेळ पाहून म्हणाल्या, "मास्तर, हे माझ्या मुलींनी केलं असतं तर मी उसवायला लावलं असतं." त्या मला मास्तर म्हणायच्या. माझं वय तेव्हा त्यांच्या विद्यार्थ्यांपेक्षा जेमतेम जास्त होतं.

एक दिवस डबा खाता खाता त्यांनी विचारलं, "तुझ्या यंत्रात टाका मोठा करता येतो का?"

मला कळलं नाही. त्यांनी समजावलं. टाका केवढा, तर तांदळाच्या कणीएवढा. टेबलाभोवती अख्खा वर्ग गोळा होणार. पुढच्या मुलींना दिसणार आणि मागच्यांना पुढच्यांच्या वेण्या दिसणार. "माझ्या हाताखालून इतक्या शिक्षिका गेल्या, त्यातल्या निम्म्यांनी माझा टाका पाहिलेलाच नाही. त्या पुढे जाऊन काय शिकवत असतील, देव जाणे."

संगणकांबरोबर एक वेबकॅम आला होता. सुपारीएवढा गोळा आणि त्याला शेपटीसारखी वायर. आमचं इंटरनेट फोनच्या तारेवरून रडतखडत चालायचं, त्यामुळे तो कपाटातच पडून होता. मी तो बाहेर काढला. बाईंनी परकराच्या इलॅस्टिकनं तो टेबललॅम्पच्या मानेला बांधला, तोंड खाली करून. राहिला प्रोजेक्टर. तो प्राचार्यांच्या कपाटात कुलपात असायचा.

"प्रोजेक्टर कार्यक्रमांसाठी आहे," प्राचार्य म्हणाले.

"मग आमचा कार्यक्रमच आहे की," बाई म्हणाल्या. "रोज अकरा वाजता. तुम्ही अध्यक्षस्थानी या."

प्राचार्यांनी किल्ली दिली. बाईंशी वाद घालण्यापेक्षा किल्ली देणं सोपं असतं, हे त्यांना बऱ्याच वर्षांच्या अनुभवानं कळलेलं होतं.

पहिल्या दिवशी शिवणाच्या वर्गाच्या खिडक्यांना आम्ही सतरंज्या लावल्या. बाईंनी मांजरपाटाचा तुकडा लॅम्पखाली ठेवला. मी वेबकॅमची फोकसची कडी फिरवली आणि भिंतीवर ते कापड उघडं झालं. एकेक धागा दोरखंडाएवढा. ताणा-बाणा एकमेकांच्या खालून-वरून जाताना दिसत होता. वर्ग "आ" करून पाहत राहिला.

तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, ही तर वाघरीवानी दिसतीया!"

सगळे हसले. बोलणारी होती मंगल. घरी शेळ्या-मेंढ्या, थोडी भातशेती, डोंगराच्या कुशीत घर. वाघर म्हणजे मेंढरं रात्री जिच्यात कोंडतात ती जाळी. मुलगी हुशार, पण बोलायला तोंड उघडलं की वर्ग हसायचा, म्हणून ती बोलायचीच नाही. त्या दिवशी चुकून बोलून गेली आणि लाल होऊन खाली बसली.

"बरोबर," बाई म्हणाल्या. "वाघरच. फक्त हिच्यातून मेंढरू जाणार नाही, वारा जाईल. म्हणून सुती कापड उन्हाळ्यात घालायचं. लिहून घ्या."

मग त्यांनी सुई घेतली. भिंतीवर सुई आली ती पहारीएवढी. आणि ती हलत होती.

"सर, कॅमेरा हलतोय," पुढून कुणीतरी म्हणालं.

मी पुढे झालो, इलॅस्टिक घट्ट केलं, लॅम्पच्या मानेखाली डस्टर सरकवलं. पुन्हा पाहिलं. कापड स्थिर होतं. धागा न् धागा स्थिर. सुई तेवढी थरथरत होती. टोक कापडावर टेकायला जायचं आणि हातभर बाजूला सरकायचं. टेबलाजवळ उभं राहून पाहिलं असतं तर कुणाच्या लक्षातही आलं नसतं. पण भिंतीवर काहीच लपत नव्हतं. मी अजून वायरीशीच खुडबुडत होतो.

"मास्तर, कॅमेऱ्याला सोड," बाई म्हणाल्या. "तो नाही हलत. मी हलतेय."

त्यांनी सुई कापडात टोचून ठेवली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"बरेच दिवस झाले. आता एवढं मोठं करून दाखवलंच आहे सगळ्यांना, तर लपवून काय करू? वाघर, तू ये इकडे."

मंगल आली. तिचा हात भिंतीवर आला. खरबरीत बोटं, कापलेली नखं, मनगटात हिरव्या काचेच्या बांगड्या. बाईंनी सांगितलं तसा तिनं धावदोरा घातला. सुई खाली, वर, खाली, वर. बाई बाजूला खुर्चीत बसून बोलत होत्या. मागच्या बाकापर्यंत सगळ्यांना सगळं दिसलं. तास संपल्यावर कुणी उठेना.

त्या दुपारी शिक्षक खोलीत आम्ही दोघंच होतो. बाई कपबशी दोन्ही हातांनी धरून चहा पीत होत्या. दोन्ही हातांनी का, ते मला तेव्हा उमगलं.

"डॉक्टर म्हणतात, जिवाला धोका नाही. नुसती थरथर आहे, वाढत जाणार," त्या म्हणाल्या. "घरून येताना सुया ओवून आणते मी. वर्गात ओवायला नको म्हणून." त्यांनी पर्समधली टाचण्यांची उशी काढून दाखवली. तिच्यात रंगीत दोरे ओवलेल्या सुया साळिंदरासारख्या उभ्या होत्या. "हात हलणारी शिवणाची बाई. संस्थेला कळलं असतं तर घरी बसवलं असतं ना रे? आता कळेलच."

कळलंच. प्राचार्य आले, घसा खाकरला आणि म्हणाले, "बाई, तुम्ही जरा विश्रांती…"

"घेईन ना. तुम्ही प्रोजेक्टर काढून घेतलात की लगेच घेईन."

रोज परत घ्यायचे ती कपाटाची किल्ली प्राचार्य टेबलावरच ठेवून गेले. ती पुढे बाईंच्याच पर्सला लटकलेली असायची.

त्यानंतर आम्ही फिल्मा बनवायला लागलो. फिल्मा हा बाईंचा शब्द. खोऱ्यातल्या बऱ्याच शाळांत एखादा संगणक आला होता, शिवण शिकवणारं कुणी नव्हतं. आमचे विद्यार्थी सराव पाठ घ्यायला त्या शाळांत जात, तेव्हा ह्या फिल्मा बरोबर न्यायच्या असा बेत. हात मंगलचे, आवाज बाईंचा, बाकी हमाली माझी. जेवणाच्या सुट्टीत खिडक्या लावून, पंखा बंद करून आम्ही घामाघूम व्हायचो. टाका ऐन रंगात आला की बाहेर म्हैस हंबरायची. म्हैस गप्प झाली की भारनियमनाची वेळ व्हायची. बाईंचं निवेदन तर विचारू नका. "आता सुई खाली. खाली म्हणजे पाताळात नाही, नुसती कापडाखाली." "गाठ मारली का? मारा. गाठ न मारता शिवणारी माणसं मी ओळखून आहे, त्यांच्या भानगडीत पडू नका." शाळेतली पोरं हसून लोळायची आणि त्यांना टाका यायचा.

मंगलला मी एकदा म्हणालो, "ह्या वेळी तू बोल की."

"मला न्हाई जमायचं सर. मी बोलले की समदी हसत्यात."

तिच्या सराव पाठांच्या निरीक्षणात दर वेळी एकच शेरा असायचा, भाषा सुधारावी. त्यावर तिनं एक युक्ती काढली. पाठ सुरू झाला की ती फिल्म लावायची, बाजूला उभी राहायची आणि नुसत्या काठीनं दाखवायची. निरीक्षक खूश. तंत्रज्ञानाचा वापर उत्तम. मीही खूश होतो. ती गोष्ट खुपली ती एकट्या बाईंना.

"ही पोरगी माझ्या आवाजामागे लपून बसलीय," त्या मला म्हणाल्या. "मी काय जन्मभर तिच्या वर्गात बोलायला जाणार आहे?"

मी म्हणालो, "पास तर होतेय."

बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी पुन्हा तो विषय काढला नाही.

वार्षिक पाठाचा दिवस आला. धरणाच्या पाण्याकडे उतरणाऱ्या रस्त्यावरच्या एका छोट्या शाळेत मंगलचा पाठ होता. तिथला संगणक बंद पडलेला, म्हणून आमचा घेऊन आम्ही वडापच्या जीपनं निघालो. मॉनिटर बाईंच्या मांडीवर, जरीकाठाचं झबलं घालून. दुसऱ्या कॉलेजातून परीक्षक आले होते. बोलणं कमी, कपाळाला आठी, हातात उघडं पेन.

पाठाचा विषय होता बटण लावणं. पोरं मॉनिटरसमोर दाटीवाटीनं बसली. मंगलनं नमस्कार केला, मला खूण केली. मी फिल्म लावली. बाईंचा आवाज सुरू होणार तेवढ्यात मागे बसलेल्या बाई माझ्याकडे वाकल्या.

"स्पीकरची पिन काढ."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "बाई, परीक्षा आहे तिची."

"म्हणून तर. काढ."

मी काढली. का काढली, ते आजही नीट सांगता येणार नाही. बाईंनी सांगितलं की आपण ते करायचो, एवढंच.

पडद्यावर हात चालू होते, आवाज नव्हता. मंगलनं माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहत होतो आणि पिन पाठीमागे मुठीत धरली होती. तिनं बाईंकडे पाहिलं. बाई खिडकीतून बाहेरची खाचरं अशी निरखत होत्या, की जणू त्यांचाच भात तिथं पिकणार होता.

"बाई, आवाज न्हाई आला!" पोरं ओरडली.

मंगल उभीच. तिच्या कपाळावर घाम आला होता. परीक्षकांनी पेन टेकवलं. मला पिन परत लावावीशी वाटली आणि मी हात पुढे नेला. बाईंनी माझं मनगट धरलं. पकड घट्ट होती आणि त्या पकडीतून त्यांचा अख्खा हात थरथरताना मला जाणवत होता.

पुढच्या रांगेतल्या एका मुलीनं विचारलं, "बाई, सुई खालनं घ्यायची का वरनं?"

"खालनं," मंगल म्हणाली. मग थोडं थांबून, "खालनं घेतली म्हंजी गाठ आत ऱ्हाती. दिसत न्हाई."

"अन् मग?"

"मग बटनाच्या भोकातनं वर काढायची. हितं बघा, माझं हात बघा. लई ओढू नगा, कापड गोळा हुतंया. मेंढराच्या गळ्यात दोरी बांधताव तवा लई आवळताव का आपुन?"

"न्हाई!" सगळा वर्ग.

"का?"

"गळा आवळंल!"

"तसंच बटनाचं. त्येला बी श्वास घ्यायला जागा ठिवायची."

त्यानंतर ती थांबलीच नाही. एका मुलाच्या शर्टाचं बटण गायब होतं. त्याला पुढं घेऊन तिनं त्याच्याच हातून ते लावून घेतलं. पोरं कोंडाळं करून उभी. फिल्म केव्हाच संपली होती, कुणाचं तिकडे लक्ष नव्हतं.

पाठ संपला. परीक्षक म्हणाले, "पाठ बरा झाला, पण भाषा जरा…" तेवढ्यात तो मुलगा छाती काढून त्यांच्यासमोर उभा राहिला. "सर, वडून बघा! तुटत न्हाई." परीक्षकांनी आधी दोन बोटांनी ओढून पाहिलं, मग चांगलं जोर लावून. बटण तसंच. त्यांनी पेनला टोपण लावलं आणि राहिलेलं वाक्य राहूनच गेलं. मंगल पास झाली, बऱ्यापैकी गुणांनी.

पण परतताना जीपमध्ये ती बाईंशी बोलेना. बराच रस्ता गेल्यावर म्हणाली, "तुमी मुद्दाम केलं. सरांच्या मुठीत पिन बघितली मी."

"हो," बाई म्हणाल्या.

"मी नापास झाले असते तर?"

"तर काय केलं असतं, मलाही माहीत नाही गं. तू गप्प उभी होतीस ना, तेव्हा मला वाटलं, आपण पोरीचं वाटोळं केलं."

हे सांगताना त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. मांडीवरचा मॉनिटर खडखडत होता. रस्ता चांगला होता, गाडीमुळे तो खडखडत नव्हता. मंगलनं थोडा वेळ ते पाहिलं. मग सरकून जवळ बसली आणि मॉनिटर आपल्या मांडीवर घेतला. बाईंचे हात रिकामे झाले, तेही तिनं एका हातात धरून ठेवले. पौड येईपर्यंत.

पुढे बाई निवृत्त झाल्या आणि मिरजेला मुलाकडे राहायला गेल्या. मला हिंजवडीतून बोलावणं आलं आणि मीही गेलो. बाई मेल पाठवायला शिकल्या होत्या. बोटं कळपाटीवर थरथरायची, त्यामुळे एकेक अक्षर तीनतीनदा उमटायचं. "मास्तरररर, कसाााा आहेस? शर्ट कुठलाााा घालतोस?" ऑफिसात ते वाचताना बाई लांबून हाका मारतायत असं वाटायचं. मग मेल कमी झाले. एका पावसाळ्यात मंगलचा फोन आला. "सर, बाई गेल्या." ती आदल्याच महिन्यात मिरजेला जाऊन त्यांना भेटून आली होती. मला जमलं नव्हतं.

त्यानंतरच्या हिवाळ्यात ऑफिसची सहल मुळशीच्या पाण्याकाठी एका रिसॉर्टवर गेली. शनिवार होता, सकाळची शाळा. मी पोहायचं सोडून रिक्षा केली आणि मंगलच्या शाळेत गेलो. ती आता तिथं शिक्षिका आहे. वर्गात पोरं बसली होती, समोर जुना मॉनिटर.

"बरं झालं आलात," ती म्हणाली. "आमी फिल्मच बघाय बसलोय. तुमी सुरवातीचा भाग कापून दिलेली न्हाई, त्येच्या आदली, पयली."

तिनं लावली. पडद्यावर मांजरपाटाचा तुकडा आला, मधोमध एक चुणी. कुठूनतरी म्हैस हंबरली. बाईंचा आवाज आला, "मास्तर, चालू झालं का?" माझा आवाज, "थांबा बाई, एक मिनिट." आणि एका बाजूनं बाईंचा हात आत आला. त्यांना चुणी सरळ करायची होती. बोट थरथरत चुणीपाशी गेलं, चुकलं, मागे आलं. पुन्हा गेलं, पुन्हा चुकलं.

वर्गात कुणी हसलं नाही. पोरांनी हे बऱ्याचदा पाहिलेलं असावं. पुढं बसलेली एक चिमुरडी माझ्याकडे वळून म्हणाली, "थांबा, आता हुतंया."

बाईंचं बोट तिसऱ्यांदा गेलं. चुणी सरळ झाली. हात हळूहळू चौकटीच्या बाहेर गेला.

"हं," बाई म्हणाल्या. "आता घे, मंगल."